दवंडी आणि दाद

चित्रपट किंवा नाटक पाहून घरीं परतणाऱ्या मंडळींत हल्लीं एक प्रश्न हटकून विचारला जातो : ‘एवढा गाजावाजा झाला, तो सार्थ होता कीं नाहीं?’ प्रश्न विचारणारे शिकलेसवरलेले असतात, आणि आपण कांहीं चिकित्सक विचारलें असें समाधान त्यांच्या मुद्रेवर दिसतें. उत्तर देणारांचे तत्काळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, सार्थ होता; दुसरा म्हणतो, छे, नुसता फुगा होता. रिक्षा घरापाशीं येईपर्यंत वाद रंगतो, आणि जेवणाचीं पानें मांडलीं कीं संपतो. दोन्ही पक्षांच्या ध्यानांत एक गोष्ट येत नाहीं. वादाचा निकाल कोणत्याही बाजूस लागला तरी जिंकलेला पक्ष तिसराच असतो, आणि तो त्या रिक्षांत बसलेलाही नसतो. त्याचें तिकीट केव्हांच खपलेलें असतें. शिवाय पाहिलेल्या खेळाविषयीं बोलावयाचें सोडून चार शहाणीं माणसें अर्धा तास त्याच्या गाजावाजाविषयींच बोललीं, हा त्याचा वरकड नफा.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. जाहिरात फुगवून बोलते, ही तिच्याविषयींची मोठी तक्रार नव्हे. विकणारानें आपल्या मालाची थोरवी गावी, हें बाजाराइतकेंच जुनें आहे. आणि आंबेवाला आपल्या आंब्यास आंबट म्हणत नाहीं, हें पोरासोरांनाही ठाऊक असतें. विकणाराचा आवाज विकणाराचाच म्हणून ओळखूं येतो, तोंवर फारसें बिघडत नाहीं. खेळ आला आहे हें ओरडून सांगणें ही दवंडी; ती पिटण्याचा हक्क खेळ करणाराचा. तो कसा वठला हें सांगणें ही दाद. ती देण्याचा हक्क पाहणाराचा. विकणारा जेव्हां पाहणाराच्या आवाजांत बोलूं लागतो, आणि पाहणारा तो आवाज स्वतःचाच समजून मिरवूं लागतो, तेव्हां खरा अनर्थ होतो. दवंडी आणि दाद यांमधली मेर आज झपाट्यानें पुसली जात आहे, आणि ती पुसण्याच्या कामीं आमच्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांचा हात लहान नाहीं.

कोणी असें समजूं नये कीं, आम्ही जाहिरातीचे वैरी आहों. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईंतील वॉटसन हॉटेलांत ल्यूमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया. वर्तमानपत्रांतील जाहिरातीनें त्या खेळास शतकाचा चमत्कार आणि जगाचें आश्चर्य असे किताब अगोदरच बहाल करून ठेवले होते. शब्द भडक होते खरे. पण सव्वाशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर मागें वळून पाहिलें तर ते कमीच पडले, असें म्हणावें लागतें. त्या रुपयाच्या तिकिटांतून पुढें जें निघालें त्यानें मनुष्याच्या करमणुकीचें रूपच पालटलें. तेव्हां मोठ्यानें ओरडणारा प्रत्येक मनुष्य लबाडच असतो, असें मानण्याचें कारण नाहीं.

दादासाहेब फाळके यांची गोष्ट तर याहून बोलकी आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. पुढें तो सुरतेस गेला, तेव्हां तेथें पहिल्या दिवसाचें उत्पन्न अवघें तीन रुपये झालें, अशी हकीगत सांगतात. दोन आण्यांत पांच-सहा तासांचें नाटक पाहण्याची संवय असलेल्या लोकांना दीड तासाच्या खेळाचे तीन आणे जड वाटले. फाळक्यांनीं जाहिरात बदलली : ५७,००० छायाचित्रें, दोन मैल लांबीचें चित्र, आणि हें सर्व केवळ तीन आण्यांत! गर्दी लोटली. आतां वाचकांनीं क्षणभर पाटीपेन्सिल घ्यावी. चित्रपटाच्या फितीवर एका फुटांत सोळा चित्रें बसतात. ५७,००० स सोळांनीं भागलें कीं ३,५६२ फूट येतात. आणि या चित्रपटाची नोंदलेली लांबी सुमारें ३,७०० फूट आहे. म्हणजे चित्रांचा आकडा चोख. परंतु दोन मैल म्हणजे १०,५६० फूट! पाऊण मैलही न भरणारी फीत जाहिरातींत दोन मैल झाली. जाहिरातीच्या पहिल्या वाक्यानेंच दुसरें वाक्य खोटें पाडलें आहे.

तरीही फाळक्यांवर रागावण्याची आम्हांस इच्छा होत नाहीं. त्यांची अतिशयोक्ति मापाची होती, आणि मापाची लबाडी मापानेंच पकडतां येते; शाळकरी पोराला एका भागाकारानें ती उघडी करतां आली असती. दुसरें असें कीं, बोलणारा कोण, याविषयीं कोणाची फसगत झाली नव्हती. आणि तिसरें, फाळक्यांनीं त्या चार शब्दांत लांबी फुगविली. पण तारामतीच्या दुःखानें डोळे भरून येणें न येणें हें त्यांनीं तीन आणे मोजून आंत बसलेल्या माणसावर सोडलें. दवंडी त्यांनीं बेफाम पिटली, पण प्रेक्षकाच्या दादेस हात लावला नाहीं.

दवंडीचा मोठेपणा मालाविषयीं कांहींच सिद्ध करीत नाहीं, याचा दाखला अमेरिकेच्या बार्नमनें दोन वेळां देऊन ठेवला आहे. १८३५ सालीं त्यानें जॉइस हेथ नांवाच्या एका वृद्ध गुलाम स्त्रीस, ती १६१ वर्षांची असून जॉर्ज वॉशिंग्टनची दाई होती असें सांगून, तिकीट लावून गांवोगांव दाखविलें. पुढल्या वर्षीं ती वारली. तिच्या शवाची चिकित्सा झाली तीसुद्धां तिकीट लावून, आणि शस्त्रवैद्यानें तिचें वय ८० हून अधिक नसल्याचें सांगितलें. याच बार्नमनें १८५० सालीं जेनी लिंड या स्वीडिश गायिकेस रात्रीस हजार डॉलर देऊं करून अमेरिकेंत आणलें. करार करतेवेळीं त्यानें तिचें गाणें एकदांही ऐकलें नव्हतें! तरी ती येण्यापूर्वींच त्यानें असा डांगोरा पिटला कीं, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर तिला पाहण्यास हजारोंचा समुदाय लोटला, आणि पहिल्या कार्यक्रमाचें पहिलें तिकीट लिलांवांत २२५ डॉलरांस गेलें. जेनी लिंड मात्र खरोखरच मोठी गायिका होती. ढोल तोच, हात तोच, टिपराही तोच. एकदां त्याच्यामागें एका निराधार म्हातारीची विटंबना होती, दुसऱ्यांदा उत्तम गाणें होतें. नुसता ढोल ऐकून या दोहोंतला भेद कोणास सांगतां आला असता?

यावरून दोन्ही पक्षांस बोध घेण्यासारखा आहे. गाजतें तें चांगलेंच, असें मानणारा भाबडा. आणि गाजतें तें सुमारच, असें मानणारा शिष्ट. आमच्या वर्गांत दुसऱ्या जातीची पैदास अधिक. ‘लोकांना आवडलें ना? मग आम्हांस पाहावयास नको,’ असें म्हणण्यांत आपली रसिकता सिद्ध झाली, असें या मंडळींस वाटतें. त्यांना आम्ही प्रभातच्या ‘संत तुकारामा’ची आठवण देतों. दामले-फत्तेलाल यांचा हा १९३६ चा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत वर्षाहून अधिक काळ चालला. ज्यांनीं आयुष्यांत दुसरा चित्रपट पाहिला नाहीं अशा आजीबाई तो पाहून आल्या; आणि व्हेनिसच्या महोत्सवांत १९३७ सालीं परदेशच्या परीक्षकांनींही त्याची वाखाणणी केली. गर्दी झाली म्हणून त्याच्याकडे पाठ फिरविणारा शिष्ट हा भाबड्याइतकाच ढोलाचा बंदा होय. एक ढोलाच्या तालावर पुढें येतो, दुसरा त्याच तालावर मागें सरतो. स्वतःच्या डोळ्यांनीं पाहण्याचे श्रम दोघेही घेत नाहींत.

आतां मेर ओलांडण्याच्या गोष्टीकडे वळूं. ही कल्पना आजची नव्हे. एकोणिसाव्या शतकांत पॅरिसच्या नाट्यगृहांत टाळ्या वाजविणारांची भाडोत्री टोळीच असे; तिला ‘क्लाक’ म्हणत. १८३० नंतरच्या दशकांत तेथील ऑपेरांत ऑग्युस्त लव्हासर नांवाचा गृहस्थ या टोळीचा नायक होता. तो तालमीस हजर राही, कोठें किती टाळी पडावी याविषयीं व्यवस्थापकाशीं मसलत करी, आणि मग आपलीं माणसें सभागृहांत पेरून ठेवी. या धंद्यांत कामाची वांटणीही झालेली होती. कोणी हसावयाचें, कोणी हातरुमाल डोळ्यांस लावावयाचा, आणि कोणी ‘बिस, बिस’ म्हणून ओरडावयाचें. हें ‘बिस’ म्हणजे आमच्या संगीत रंगभूमीवरचा ‘वन्समोअर’. तोच ‘वन्समोअर’ मनापासून निघाला तर गायकाच्या जन्माचें सार्थक करतो, आणि भाड्यानें आला तर ऐकणारांच्या कानांवर दरोडा घालतो. मात्र त्या क्लाकाची एक सोय होती. भाडोत्री हात शेजारच्याच खुर्चींत असे. मान वळविली तर ओळखूं येई.

आमच्या काळांत ती सोयही उरली नाहीं. २००० सालाच्या सुमारास अमेरिकेंतील सोनी पिक्चर्स कंपनीच्या जाहिरातींत डेव्हिड मॅनिंग या टीकाकाराचीं स्तुतिवचनें झळकूं लागलीं. तो ‘रिजफील्ड प्रेस’ या पत्राचा टीकाकार म्हणून सांगितला जाई. पत्र खरें होतें. टीकाकार मात्र जन्मासच आला नव्हता! कंपनीच्या जाहिरातखात्यांत तो निर्माण झाला होता, आणि तेथेंच बसून तो कंपनीचे चित्रपट उत्कृष्ट असल्याचा निर्वाळा देत होता. जून २००१ मध्यें ‘न्यूजवीक’नें हें बिंग बाहेर काढलें. कनेक्टिकट राज्याच्या सरकारास कंपनीनें ३,२६,००० डॉलर भरले. आणि पुढें २००५ मध्यें प्रेक्षकांच्या दाव्यांत १५ लाख डॉलरांची तडजोड करून, फसलेल्यांस तिकिटामागें पांच डॉलर परत देण्याचें कबूल केलें. या प्रकरणांत दंडाच्या रकमेपेक्षां कंपनीची गरज अधिक विचार करण्याजोगी आहे. एवढी धनाढ्य कंपनी. तिला स्वतःच्या नांवानें हवी तेवढी स्तुति छापतां आली असती. तरी तिला एक परका मनुष्य कल्पून त्याच्या तोंडून ती वदवावी लागली. कारण विकणाराच्या स्तुतीला बाजारांत मोल नाहीं, मोल आहे तें पाहणाराच्या मताला, हें विकणारा पुरतें ओळखून असतो. ज्या वस्तूची किंमत चोरास कळते, ती धन्यास कळूं नये?

आमच्याकडील एक प्रकरणही येथें सांगितलें पाहिजे. ‘फॅन’ हा हिंदी चित्रपट एप्रिल २०१६ मध्यें प्रदर्शित झाला. त्याच्या झलकींत एक गाणें वारंवार दाखविलें जात होतें. प्रत्यक्ष चित्रपटांत तें नव्हतेंच. महाराष्ट्रांतील एका प्रेक्षक भगिनीनें ग्राहक न्यायमंचाकडे दाद मागितली. राज्य आयोगानें तिला १०,००० रुपये भरपाई व ५,००० रुपये खर्च देवविला. राष्ट्रीय आयोगानेंही तो निकाल उचलून धरला. अखेर एप्रिल २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. न्यायालयाच्या मतें, चित्रपटाची झलक ही निर्मात्याची एकतर्फी कृति असून ती प्रेक्षकास तिकीट घेण्यास उत्तेजन देण्यापुरती असते. ती कराराचा प्रस्ताव नव्हे, वचनही नव्हे. निकाल ऐकून पुष्कळांनीं कपाळास आठ्या घातल्या. आम्हांस मात्र त्या भगिनीचा आदर वाटतो, आणि निकालाचाही उपयोग दिसतो. तिनें आठ वर्षेंपर्यंत एका साध्या प्रश्नाचा निकाल लावून घेतला, आणि तोही देशाच्या सर्वांत मोठ्या कचेरींत : झलक ही वचन आहे काय? उत्तर मिळालें : नाहीं. आतां जी गोष्ट न्यायालयांत वचन ठरत नाहीं, ती आमच्या दिवाणखान्यांत वचन म्हणून कां चालावी? दीड मिनिटाची झलक पाहून आम्ही दीड महिना अगोदर चित्रपटाची महती गाऊं लागतों, तें कोणत्या कायद्यानें?

या सर्वांहून सूक्ष्म असा एक प्रकार आहे, आणि त्यांत खोटें असें वरवर कांहींच दिसत नाहीं. तो म्हणजे गल्ल्याचा आकडा. आमच्या ओळखीच्या एका घरीं वडिलांनीं चित्रपट पाहून आलेल्या मुलीस विचारलें, ‘कसा काय वाटला?’ मुलगी उत्साहानें म्हणाली, ‘बाबा, तीन दिवसांत शंभर कोटी झाले त्याचे!’ वडिलांनीं पुन्हां विचारलें, ‘तें राहूं दे, तुला काय आवडलें त्यांतलें?’ मुलगी गोंधळली. तिनें बरेंच आठवून पाहिलें, आणि जें सांगितलें तें जाहिरातींतलेंच वाक्य निघालें. मुलगी हुशार आहे, वाचते, बोलते. परंतु चित्रपटगृहाच्या अंधारांत तीन तास बसून तिनें स्वतःचें असें कांहीं बाहेर आणलें नव्हतें. त्या शंभर कोटींत तिच्या बाबांचेही कांहीं शें रुपये होते. पण आकड्याचा अभिमान असा, कीं जणूं ते तिला मिळाले!

पहिल्या तीन दिवसांचा गल्ला म्हणजे काय, याचा कोणी शांतपणें विचार करील काय? त्या तीन दिवसांत तिकीट घेणाऱ्या बहुतेकांनीं चित्रपट पाहिलेला नसतो. पाहिला नाहीं म्हणूनच तर ते तिकीट घेतात. तेव्हां तो आकडा ढोल किती दूरवर ऐकूं गेला याचें माप होय. चित्रपट कसा आहे याचें तें माप होऊंच शकत नाहीं. शिवाय हे आकडे बहुधा निर्मात्यांकडून किंवा धंद्यांतील जाणत्यांच्या अंदाजांवरून येतात, हेंही लक्षांत ठेवावें. दवंडीनें गर्दी जमवावयाची, मग त्या गर्दीचाच आकडा पुढल्या दवंडीस जोडावयाचा, आणि ‘पाहा, लोकांनीं दाद दिली’ म्हणून सांगावयाचें, असें हें रहाटगाडगें आहे. फाळक्यांचे दोन मैल भागाकारानें खोटे ठरत. हे कोटी खरे असले तरी त्यांतून निघणारें अनुमान खोटें असतें, म्हणून ते अधिक घातक. ‘किती जमले?’ या प्रश्नाचें उत्तर ‘कसें आहे?’ या प्रश्नास चिकटविलें जातें, आणि सांधा दिसत नाहीं.

येथें टीकाकारांनीं आडवें यावयाचें. परंतु त्यांतील कित्येकांनीं टीकेच्या ऐवजीं तारे वांटण्याचें काम पत्करलें आहे. पांचांपैकीं साडेतीन तारे म्हणजे काय, हें कोणत्याही साहित्यशास्त्रांत सांगितलेलें नाहीं. पण भित्तिपत्रकावर छापण्यास तें फार सोयीचें पडतें. ज्या परीक्षणांतून कारणें गाळून केवळ गुण उरले, तें परीक्षण उचलून जाहिरातींत बसविण्यास एका कात्रीपलीकडे कांहीं लागत नाहीं. टीकाकारानें प्रतिकूलच लिहावें असा आमचा आग्रह नाहीं. त्यानें असें लिहावें कीं, त्याचें एखादें वाक्य तोडून घेतलें तर बाकीचा लेख त्याच्याविरुद्ध साक्ष देईल.

यावर एक आक्षेप निघेल, आणि तो बिनतोड आहे, असें कित्येकांस वाटतें : ‘दवंडी न पिटली तर चांगली कृति कोनाड्यांत पडून मरेल, त्याचें काय?’ आक्षेप खरा आहे. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ सालीं ऑस्करसाठीं भारतातर्फे गेला, तेव्हां तिकडील परीक्षकांनीं तो निदान पाहावा एवढ्यासाठीं पैसा उभा करावा लागला, आणि मराठी लोकांनीं हौसेनें वर्गण्या दिल्या. त्या वर्गणींत आम्हांस लाजिरवाणें कांहीं दिसत नाहीं. ज्यांनीं चित्रपट पाहिला होता, ज्यांना त्यांतल्या आजोबा-नातवानें हलवून सोडलें होतें, त्यांनीं इतरांसाठीं दवंडीचा खर्च सोसला. येथें दाद आधीं होती आणि दवंडी तिच्या पाठीमागून आली. ऑस्करच्या अखेरच्या पांचांत ‘श्वासा’चें नांव आलें नाहीं, पण म्हणून कोणा मराठी प्रेक्षकाचें त्याविषयींचें मत बदलल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. मत स्वतःचें असलें म्हणजे तें असें टिकतें. तेव्हां आमचा आग्रह दवंडी बंद करण्याचा नाहीं, क्रम सांभाळण्याचा आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, हें सर्व कायद्यानें थांबवावें. कायदा आहे, आणि तो पुष्कळ कडकही आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या खेपेस १० लाख व पुढें ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. आणि २०२२ च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणें वस्तूची शिफारस करणाऱ्यानें विक्रेत्याशीं आपला पैशाचा संबंध असल्यास तो उघड केला पाहिजे. हे नियम योग्य आहेत, आणि ते अधिक कसोशीनें पाळले जावेत. पण कायदा घेतलेला पैसा पकडूं शकेल. घेतलेलें मत त्याला कसें पकडतां येणार? ज्यानें छदामही घेतला नाहीं, केवळ आपण मागें पडूं या भीतीनें ‘अप्रतिम, अप्रतिम’ म्हणून दहा जणांस कळविलें, त्यास कोणत्या कलमाखालीं उभें करावयाचें?

आणि हाच मनुष्य आज सर्वांत मोठा ढोलकरी आहे. तो आमच्याच घरांत राहतो. चौघांच्या तिकिटांस आणि मध्यंतरांतल्या लाह्यांस दीड-दोन हजार रुपये मोजल्यावर ‘कंटाळा आला’ म्हणणें म्हणजे आपण ठकलों अशी कबुली देणें; ती देण्यापेक्षां ‘बरा होता’ म्हणणें सोपें. शेजारी ‘भव्य’ म्हणाले असतील तर ‘बरा’चें ‘भव्य’ होण्यास वेळ लागत नाहीं. दुसऱ्या दिवशीं तें मोबाईलवरून वीस घरीं जातें, आणि त्यांतलीं पांच घरें तिकिटें काढतात. पॅरिसच्या क्लाकास निदान दाम मिळत असे. आम्ही पदरचे पैसे खर्चून टाळ्या वाजवितों, आणि वर आणखी माणसें धरून आणतों! लव्हासर आज असता तर त्यानें आमच्यापुढें हात टेकले असते.

याचें मोल कोण भरतो, हें पाहिलें म्हणजे थट्टा थांबते. एक भरतो तो लहान खेळ करणारा. ज्या नाटकाच्या किंवा चित्रपटाच्या पाठीशीं ढोल नाहीं, त्याला प्रेक्षक तोंडोतोंडीं मिळावयाचा; त्यासाठीं त्याला दोन-तीन आठवड्यांचा अवसर पाहिजे. पहिल्या तीन दिवसांतच निकाल लावण्याच्या या रीतींत तो अवसर त्यास मिळत नाहीं. चित्रगृहवाला गर्दीकडे पाहून खेळ ठेवतो वा काढतो. आणि आम्ही सवडीनें जाऊं म्हणतों तोंवर तो निघून गेलेला असतो. दुसरा मोल भरणारा म्हणजे ती मुलगी, जिला काय आवडलें तें सांगतां आलें नाहीं. आवड ही जन्मतः येत नाहीं. चुकत, अडखळत, ‘मला हें भावलें, हें नाहीं’ असें पुनःपुन्हां म्हणत ती घडते. तें म्हणण्याची वेळ येण्यापूर्वींच उत्तर हातांत ठेवलें, तर ती घडणार कशी? आणि जो मनुष्य चित्रपटाविषयीं स्वतःचें मत बनवूं शकत नाहीं, तो निवडणुकीच्या वेळीं, औषधाच्या वेळीं, मुलांची शाळा ठरवितांना कोठून आणील? ढोल तर तेथेंही वाजतातच.

उपाय मोठे नाहींत. घरांतल्या घरांत करण्यासारखे आहेत. ज्या खेळाचा फार गाजावाजा चालला असेल तो आठ-दहा दिवसांनीं पाहावा. चांगला असेल तर तेवढ्यांत तो शिळा होत नाहीं. ज्याचा गाजावाजा मुळींच नाहीं, पण ज्याचे कर्ते आपल्या विश्वासाचे आहेत, तो मात्र पहिल्या आठवड्यांतच पाहावा. तेथें आपलें तिकीट खरोखर उपयोगीं पडतें. पाहून आल्यावर निदान एक रात्र त्याविषयीं कोणास कांहीं कळवूं नये. मुलांना ‘कसा होता?’ असें न विचारतां ‘काय आठवतें?’ असें विचारावें, आणि त्यांचें उत्तर आपल्याहून वेगळें आलें तर तें दुरुस्त करूं नये. कंटाळा आला असल्यास तो आला असें स्पष्ट म्हणावें. गेलेले पैसे खोटें बोलल्यानें परत येत नाहींत. आणि एखादी गोष्ट खरोखर आवडली, तर मात्र संकोच न करतां दहा जणांस सांगावें, अमका प्रवेश, अमका नट, अमकी जागा असें नांव घेऊन सांगावें. कोटींचा आकडा त्यांत येऊं देऊं नये.

हें इतकें साधलें, तर ‘गाजावाजा सार्थ होता कीं नाहीं?’ हा प्रश्न आपोआप मागें पडेल. गाजावाजा ज्याचा त्यानें करावा. त्याचा हिशेब तो पाहून घेईल. रिक्षांत बसल्यावर बोलावयास आमच्याजवळ त्याहून चांगला विषय असेल : आम्हीं काय पाहिलें.